वडिलांचा व्यवसाय : लॉरी ड्रायव्हर

गेल्या महिन्यात आमच्या थोरल्या मुलीचा बायोडाटा तयार झाला. तिनंच तो टाइप केला. वर गणपतीचं चित्र, खाली जन्मतारीख, जन्मवेळ, रास, उंची, शिक्षण, नोकरी. मग ‘वडिलांचा व्यवसाय’ असा रकाना आणि त्यापुढं दोनच शब्द : माजी सैनिक.

‘‘पप्पा, एकदा वाचून बघा, काही चुकलंय काय,’’ म्हणत तिनं कागद माझ्या हातात दिला. तसं बघितलं तर चूक काहीच नव्हती. १९८८ ते २००५ अशी १७ वर्षं मी लष्करात काढली. पण त्यानंतर आजपर्यंत, म्हणजे त्याहूनही जास्त वर्षं, मी लॉरी चालवतो. ती वर्षं त्या कागदावर कुठंच नव्हती. मी ‘‘बरोबर आहे’’ म्हणालो आणि कागद परत दिला.

त्याच रात्री भरलेली गाडी घेऊन निघालो. निपाणी मागं पडली, कागल मागं पडलं, तरी तो रकाना डोक्यातून जाईना. मग वाटलं, मुलीच्या बायोडाट्यात जे मावलं नाही ते आपणच एकदा लिहून काढावं. आमच्या घरी हे साप्ताहिक वर्षानुवर्षं येतं. त्यात मोठ्या माणसांच्या मुलाखती वाचतो, तेव्हा एका ड्रायव्हरनं स्वतःविषयी चार गोष्टी सांगितल्या तर वाचक रागावणार नाहीत अशी आशा आहे.

स्टिअरिंगवाला शिपाई

आमचं गाव खानापूर तालुक्यात. चुलते मराठा लाइट इन्फंट्रीत होते. बेळगावात मराठा सेंटर असल्यामुळं आमच्या भागातल्या पोरांना पलटण म्हणजे घरातलीच गोष्ट. ४ फेब्रुवारीचा मराठा दिवस, कोंढाण्याची लढाई, चुलत्यांच्या तोंडून ऐकलेल्या हकिकती, यांवरच मी वाढलो. भरतीला गेलो, पळालो, छाती फुगवून दाखवली आणि पास झालो. पण वाट्याला आलं आर्मी सर्व्हिस कोअर आणि ट्रेड मिळाला ड्रायव्हरचा. चुलते म्हणाले, ‘‘म्हणजे तू गाडीच हाकणार होय रे?’’ ड्रायव्हर या शब्दाला किती वजन असतं, ते मला तेव्हाच पहिल्यांदा कळलं.

सर्व्हिस कोअर म्हणजे फौजेचं रेशन, इंधन, दारूगोळा जागच्या जागी पोचवणारं दल. बेंगळूरला ट्रेनिंग झालं. पहिली गाडी हातात आली ती शक्तिमान. जबलपूरच्या कारखान्यात बनणारी ती दणकट गाडी चालवताना दंड भरून यायचे. पुढं स्टॅलियन आली, तेव्हा पालखीत बसल्यासारखं वाटलं!

नोकरीतली बरीच वर्षं श्रीनगर–लेह रस्त्यावर गेली. अंतर साधारण ४३४ किलोमीटर. वाटेत साडेअकरा हजार फुटांवर झोजी ला, पुढं फोटू ला तेरा हजारांच्या वर. तेव्हा हिवाळ्यात झोजी ला बर्फानं बंद व्हायचा, तो वसंतातच उघडायचा. म्हणजे पलीकडच्या जवानांचं सगळ्या हिवाळ्याचं पीठ, डाळ, रॉकेल, औषधं उन्हाळ्याच्या चार-सहा महिन्यांत वर चढवायचं. आमची धावपळ त्यासाठी. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, चाकांना साखळ्या. थंडीत डिझेल गोठायचं. मग पहाटे टाकीखाली जाळ करून ते पातळ करायचं आणि गाडी चालू करायची. आज हे सांगितलं तर लोक हसतात, पण आम्ही ते रोज करत होतो.

१९९९ च्या उन्हाळ्यात मी त्याच रस्त्यावर होतो. द्रासजवळ रस्ता शत्रूच्या नजरेखाली आला होता. तोलोलिंगवरून त्यांना आमच्या गाड्या दिसायच्या. १३ जूनला तोलोलिंग आपल्या ताब्यात येईपर्यंत आणि नंतरही काही दिवस आम्ही रात्री दिवे बंद करून गाड्या काढायचो. पाठीमागं दारूगोळा, पुढं अंधार. समोरच्या गाडीच्या मागच्या भागाचा अंदाज घेत घेत जायचं. मी त्या लढाईत एकही गोळी झाडली नाही. लोक ‘‘कारगिलमध्ये होतासा?’’ म्हणून कौतुकानं विचारतात, तेव्हा हे मी आवर्जून सांगतो. मी फक्त स्टिअरिंग धरलं होतं.

त्याच जुलैत ही मुलगी जन्मली. पत्र ५६ एपीओच्या पत्त्यावर अठरा दिवसांनी पोचलं. तोवर मी बाप झालोय हे मला माहीतच नव्हतं. ‘‘लेक चार म्हैन्यांची झाल्यावर तोंड दाखवायला आलासा,’’ असं बायको अजून ऐकवते. ऐकून घेतो. खरंच आहे ते.

त्याच रस्त्यावर, पण नाव बदललं

२००५ मध्ये लान्स नायक म्हणून घरी आलो. पेन्शन होतं, पण दोन मुलं, अर्धवट घर आणि आजारी आई एवढं त्यात भागणार नव्हतं. बँकेत वॉचमनची नोकरी मिळाली असती. पण मला दारात उभं राहणं जमेना. हातांना एकच काम येत होतं. नऊ वर्षं दुसऱ्याची गाडी चालवली, २०१४ मध्ये कर्ज काढून स्वतःची दहाचाकी घेतली. उद्यमबागेतल्या फाउंड्रीचं कास्टिंग भरायचं, पुणे, फरिदाबाद, लुधियानापर्यंत जायचं आणि रिटर्न भाडं मिळेल ते घेऊन परतायचं. रस्त्याचा नंबर एनएच ४ चा ४८ झाला, आम्ही मात्र अजून एनएच फोरच म्हणतो.

काम तेच, पण दोन ठिकाणचा फरक सांगतो. फौजेत सकाळी ‘फर्स्ट परेड’ असते. म्हणजे ऑइल, पाणी, हवा, बेल्ट, ब्रेक, दिवे तपासल्याशिवाय गाडी हलत नाही. मी अजूनही ती करतो. क्लीनर पोरं आधी कंटाळतात, मग त्यांनाही सवय होते. फौजेत कॉन्व्हॉय किती वेगानं जाणार, कुठं थांबणार, कुठं जेवणार, हे ठरलेलं असतं. शेवटी मेकॅनिक आणि रिकव्हरीची गाडी असते. तुम्ही बंद पडलात तर मागून कोणीतरी येतंय हे माहीत असतं. बाहेर मागून कोणी येत नाही. मोटार वाहतूक कामगारांसाठी १९६१ चा कायदा होता, त्यात दिवसाला आठ तासांची मर्यादा होती. मी सोळा-सोळा तास गाडी चालवली आहे, आणि मला एकदाही कोणी विचारलं नाही की बाबा, तू झोपलास कधी?

एक गोष्ट लपवत नाही. २०११ मध्ये चित्रदुर्गच्या अलीकडं पहाटे चारला माझा डोळा लागला. गाडी दुभाजकाला घासत गेली. कुणाला इजा झाली नाही, हे नशीब. माल वेळेत हवा म्हणून पार्टीचे फोन येत होते, ते खरं. पण थांबायचं की नाही हे माझ्या हातात होतं, म्हणून चूक माझीच. लेहच्या रस्त्यावर दिवे बंद करून जाताना मला जेवढी भीती वाटली नव्हती, तेवढी त्या दिवशी गाडी बाजूला लावल्यावर वाटली. तेव्हापासून रात्री दोन ते पाच मी गाडी उभी करतो. भाडं गेलं तर गेलं.

आम्हाला काय म्हणतात

ड्रायव्हर म्हटलं की लोकांच्या मनात काय येतं, ते मला ठाऊक आहे. दारू आणि बाहेरची बाई. मी लॉरीवर चढलो तेव्हा महामार्गावर एड्सविषयीचे फलक ठिकठिकाणी दिसत. ते काम गरजेचंच होतं. पण त्याचा एक परिणाम असा झाला की सगळ्याच ड्रायव्हरांकडं लोक संशयानं बघू लागले. माझ्या नात्यातल्याच एका बाईनं माझ्या बायकोला सांगितलं, ‘‘त्यांचं रक्त तपासून घे गं.’’ बायको मला काही बोलली नाही. मला ते दुसरीकडून कळलं. मी गुपचूप सरकारी दवाखान्यात जाऊन तपासणी केली आणि कागद तिच्या हातात दिला. तिनं तो न वाचता देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवला. त्या विषयावर आम्ही आजतागायत बोललो नाही. दारूचं म्हणाल तर कॅन्टीनची रम सणावारी घरी घेतो, गाडीवर कधीच नाही. तंबाखू मात्र सुटली नाही, हा दोष मान्य आहे.

एकदा एका कारखान्याच्या गेटवर दीड दिवस गाडी उभी होती. मे महिना. ड्रायव्हरांसाठी ना सावली, ना संडास. गेटवरचा सुरक्षारक्षक ‘‘ए ड्रायव्हर, तिकडं बस’’ म्हणून हाकलत होता. कागद दाखवताना माझ्या पाकिटातलं माजी सैनिकाचं ओळखपत्र त्याला दिसलं. तोही निवृत्त हवालदार निघाला. लगेच उठून उभा राहिला, खुर्ची दिली, चहा मागवला, ‘‘आधी सांगायचं नाही होय, फौजी?’’ म्हणाला. मी खुर्चीवर बसलो. चहा प्यालो. समोर उन्हात बाकीचे सात-आठ ड्रायव्हर तसेच उभे होते, माझा क्लीनरही. पाच मिनिटांपूर्वी मी त्यांच्यातलाच होतो. त्या चहाची मला आजही लाज वाटते.

आपल्या सीमाभागात तर आणखी एक गंमत आहे. माझ्या गाडीचा नंबर केए २२. कोल्हापूर ओलांडलं की ढाब्यावरचा पोरगा नंबर बघून माझ्याशी हिंदीत बोलतो. धारवाडच्या पुढं माझं कानडी ऐकून लोक विचारतात, ‘‘मराठीवाले काय?’’ ६ डिसेंबर २०२२ ला हिरेबागेवाडी टोल नाक्यावर महाराष्ट्राच्या नंबरच्या गाड्यांवर दगड पडले आणि त्याच दिवशी पुण्यात कर्नाटकाच्या बसना काळं फासलं. मी तेव्हा सातारच्या पुढं होतो. बायकोचा फोन आला, ‘‘कुणी अडवलं तर मराठीत बोला.’’ मी म्हटलं, दगड आधी येतो, बोलणं नंतर! हसलो दोघंही, पण गाडी मी दोन दिवस एका पंपावर लावून ठेवली. पुढून नंबर बघून दगड उचलणाऱ्याला आत कोण बसलंय ते दिसत नाही.

तो रकाना

फेरी संपवून आठव्या दिवशी घरी आलो. जेवण झाल्यावर मुलीला म्हटलं, ‘‘बाळ, त्या कागदावर एक ओळ कमी आहे. मी लॉरी चालवतो ते लिहायला तुला लाज वाटली काय?’’

ती थोडा वेळ गप्प बसली. मग आत जाऊन जुन्या कागदांची फाइल घेऊन आली. त्यात तिच्या पहिलीच्या प्रवेशाच्या फॉर्मची झेरॉक्स होती. वडिलांचा व्यवसाय या रकान्यात माझ्या अक्षरात लिहिलं होतं : माजी सैनिक. मग पाचवीचा फॉर्म, आठवीचा, कॉलेजचा. सगळीकडं माझंच अक्षर, तेच दोन शब्द. ‘‘पप्पा, मी फक्त तुमचं बघून लिहिलं,’’ ती म्हणाली. ‘‘शाळेच्या गॅदरिंगला तुम्ही गाडी पेट्रोल पंपावर लावून चालत यायचा. मला वाटायचं, तुम्हालाच आवडत नाही.’’

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. चुलत्यांचा तो एक प्रश्न मी सदतीस वर्षं मनात धरून बसलो होतो आणि न बोलता पोरीच्या हातात देऊन मोकळा झालो होतो. ज्या लॉरीवर घराचा स्लॅब पडला, आईचं औषधपाणी झालं, दोन्ही पोरांचं शिक्षण झालं, ती मी प्रत्येक फॉर्मवरून पुसली होती. लोकांनी ‘ए ड्रायव्हर’ म्हटलं त्याचा राग मानायचा मला काय अधिकार?

बायोडाटा आता बदलला आहे. ‘वडील : माजी सैनिक (आर्मी सर्व्हिस कोअर, १७ वर्षे). लॉरी ड्रायव्हर, स्वतःची गाडी, २००५ पासून.’ बायकोला काळजी वाटली, आणि ती अगदीच चुकीची नव्हती. ज्यांचं जवळजवळ ठरत आलं होतं, त्या एका घरानं नवीन कागद गेल्यावर पत्रिका जुळत नसल्याचं कळवलं. पत्रिका तर त्यांनीच आधी जुळवून बघितली होती. मुलगी त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी तिला विचारलं, ‘‘जुनाच कागद पाठवू या काय?’’ ती ‘‘नको’’ म्हणाली. एवढंच.

१ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या नव्या ट्रकला एसी केबिन सक्तीची झाली आहे. माझी गाडी जुनी, तिला खिडकीचा वारा. अजून तीन-चार वर्षं ती आणि मी चालू असं वाटतं. क्लीनर पोरगा आता चांगला ड्रायव्हर झाला आहे. तो मला ‘काका’ म्हणतो आणि न सांगता फर्स्ट परेड करतो.

येत्या रविवारी दुसरे एक पाहुणे यायचे आहेत. मी शनिवारी संध्याकाळी पुण्याहून परत येईन. एरवी पाहुणे येणार असले की मी गाडी पंपावर नेऊन लावतो, दारात अडचण नको म्हणून. निदान मी तसं सांगत आलो. या वेळी ती धुऊन दारातच उभी करणार आहे.