आवाज अडवणं वेगळं, आवाज आवरणं वेगळं

घरातली एक खोली गाण्यासाठी राखायची ठरली की अजूनही पहिली फेरी अंडीवाल्याकडे होते. पुठ्ठ्याचे रिकामे ट्रे गोळा करायचे, चारही भिंतींना डकवायचे, वरून काळा रंग मारायचा आणि आता खोली साउंडप्रूफ झाली असं समजून रात्री तबला काढायचा. पहिला त्रिताल संपायच्या आत खालच्या मजल्यावरून निरोप येतो. अशा बऱ्याच खोल्या मी पाहिल्या आहेत. त्यांतल्या प्रत्येकीत कुणाचे तरी कष्टाचे पैसे आणि कितीतरी रविवार गेलेले असतात, म्हणून हा विषय नीट मांडावासा वाटतो.

सगळ्या गोंधळाचं मूळ एकच आहे. गाण्याच्या खोलीत दोन निरनिराळी कामं असतात आणि आपण दोन्हींना साउंडप्रूफिंग म्हणतो. आतला आवाज बाहेर आणि बाहेरचा आत जाऊ न देणं, हे अडवण्याचं काम. खोलीच्या आत भिंतीभिंतींवर आपटत फिरणारा आवाज ताब्यात ठेवणं, हे आवरण्याचं काम. अडवायला वजन आणि घट्ट बंद फटी लागतात. आवरायला जाड, सच्छिद्र, मऊ वस्तू लागते. जी वस्तू एका कामाची, ती बहुतेक वेळा दुसऱ्याच्या काहीच उपयोगाची नसते. अंड्यांच्या ट्रेला ना वजन ना जाडी. वरच्या पट्टीतला थोडासा झणझणाट तो विस्कटतो, एवढंच.

"फोम लावला की शेजाऱ्यांना ऐकू जात नाही"

फोममधून हवा आरपार जाते. जिथून हवा जाते, तिथून आवाज जातोच. आवाज अडतो तो वजनाने: भिंतीचं वजन दुप्पट केलं की साधारण 5 ते 6 डेसिबलची जास्त अडवणूक होते. म्हणून जुन्या वाड्यातली दीड-दोन फुटी भिंत जे करते, ते नव्या इमारतीतली चार इंची भिंत करू शकत नाही.

पण भिंतीपेक्षा दगा देतं ते दार. सात फुटी दाराखाली अर्धा इंच फट असते. दाराच्या क्षेत्रफळाच्या मानाने ती शंभरात एक भागही नाही, सुमारे 0.6 टक्के. तरीही हिशेब असा आहे की तेवढी फट राहिली तर दार कितीही जड केलं तरी एकूण अडवणूक 22 डेसिबलच्या आसपास येऊन थांबते. मोकळ्या गळ्याने गाणाऱ्याचा आवाज जवळून 80 डेसिबलच्या पुढे सहज जातो. त्यातून 22 वजा केले की बाहेर उरतात 58. निवासी भागासाठी 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी ठरवलेली मर्यादा दिवसा 55 डेसिबल आहे आणि रात्री दहा ते सकाळी सहा 45. तेव्हा पैसे मोजकेच असतील तर आधी सुताराला बोलवा. पोकळ फ्लश डोअर काढून भरीव दार, चौकटीला चहूबाजूंनी रबराची पट्टी आणि खाली उंबरा. आपल्याकडे उंबरे काढून टाकण्याची पद्धत आली आणि फट घरात आली.

मग खिडकी. अ‍ॅल्युमिनियमची सरकती खिडकी म्हणजे मुळात फटींचीच रचना. ती काढायची गरज नाही. आतल्या बाजूला चार इंच अंतर सोडून दुसरी, बिजागऱ्यांची, घट्ट बसणारी खिडकी करून घ्या. दोन्ही काचांची जाडी वेगळी ठेवा, एक 6 मिलिमीटर तर दुसरी 10. सारख्या जाडीच्या काचा एकाच सुराला कमकुवत पडतात; वेगळ्या असल्या की एकीची उणीव दुसरी सांभाळते.

फटी बुजवल्या की हवाही बंद होते, याचा विचार मात्र आधीच करायला हवा. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात बंद खोलीतल्या फोमला बुरशी धरते, तबल्याची पुडी सैल पडते, तंबोऱ्याच्या जवारीचा नूर बदलतो. आणि माणसाला श्वास घ्यायचा असतो. बाहेरची हवा आत आणणारी नळी दोन-तीन वळणं देऊन, आतून ग्लासवुलचं अस्तर लावून बसवली तर हवा येते आणि आवाज वाटेतच मुरतो.

"तबला काही एवढा मोठा वाजत नाही"

हवेतून जाणाऱ्या आवाजाचं बोलून झालं. डग्ग्याची गोष्ट निराळी आहे. त्याची थाप चुंबळीतून फरशीत, फरशीतून स्लॅबमध्ये आणि स्लॅबमधून खालच्यांच्या छतात उतरते. भिंतींना काहीही लावलं तरी या वाटेत फरक पडत नाही. वादक आणि वाद्य, दोघांनाही जमिनीपासून वेगळं करावं लागतं: खाली जाड रबराचे तुकडे, त्यावर दुहेरी प्लायवुडची चौकी, त्यावर सतरंजी. चौकी भिंतीला कुठेही टेकता कामा नये.

इथे एक सूचना कळकळीने करतो. जमिनीला वजन हवं म्हणून काही जण फरशीवर वाळू भरायला निघतात. घरांच्या स्लॅबवरचा चल भार भारतीय मानकांत दर चौरस मीटरला साधारण 200 किलो धरलेला असतो. दहा सेंटिमीटर वाळूचा थरच 160 किलोच्या घरात जातो. त्यावर माणसं, कपाट, वाद्यं. इमारतीच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय एक घमेलंही टाकू नका.

"खोलीचा नाद मारायला खास आयात केलेलं सामान लागतं"

या गैरसमजाला उत्तर द्यायला सव्वाशे वर्षं मागे जाऊ या. 1895 साली अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाने वॉलेस सबाइन या तरुण प्राध्यापकाकडे एक तक्रार सोपवली. फॉग संग्रहालयाच्या नव्या व्याख्यानगृहात शब्द साडेपाच सेकंद घुमत राहायचा. एक वाक्य संपायच्या आत पुढचं त्यावर चढायचं. सबाइनने शेजारच्या सँडर्स नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणल्या. शहर निजलं की ऑर्गनची एक नळी वाजवायची, ती थांबली की आवाज विरेपर्यंतचा वेळ मोजायचा, थोड्या गाद्या वाढवायच्या, पुन्हा मोजायचं. पहाटे गाद्या जागच्या जागी. अशा अनेक रात्रींतून जे सूत्र निघालं, त्यावर 1900 साली बॉस्टनचा सिम्फनी हॉल उभा राहिला आणि ध्वनिशास्त्र आजही तेच वापरतं: खोलीचं घनफळ घनमीटरमध्ये घ्या, 0.161 ने गुणा, शोषणाऱ्या पृष्ठभागाने भागा. घुमण्याचा काळ सेकंदांत मिळतो.

आपल्या खोलीला ते लावून पाहू. 12 बाय 10 फुटांची, 10 फूट उंच खोली. घनफळ 34 घनमीटर. गुळगुळीत प्लास्टर आणि व्हिट्रिफाइड टाइल आवाजाचा शेकडा तीनच भाग शोषतात असं धरलं, तर रिकाम्या खोलीत नाद जवळजवळ तीन सेकंद राहतो. तो 0.4 सेकंदांवर आणायला सुमारे 12 चौरस मीटर, म्हणजे 130 चौरस फूट चांगलं शोषण पुरतं. खोलीचा सगळा पृष्ठभाग, छत-जमीन धरून, 680 चौरस फूट आहे. म्हणजे पाचवा हिस्सा झाकला की झालं.

आणि झाकायचं कशाने? सबाइनने वापरल्या त्याच वस्तूने. पिंजाऱ्याकडून भरून घेतलेली चार इंची कापसाची गादी हे उत्तम शोषक आहे. कायमचं करायचं तर लाकडी चौकटीत चार इंच रॉकवुल, वर साधं मांजरपाट, आणि भिंतीपासून चार इंच सोडून टांगणी. ही मधली मोकळी जागा फुकटची जाडी आहे. भिंतीला लगटून हवेचे कण हलू शकत नाहीत, भिंतीपासून दूर ते जोरात हलतात. शोषक तिथे असला तरच त्यांना अडखळवतो.

जाडीवर एवढा भर देण्याचं कारण खर्जात आहे. हजार हर्ट्झच्या लाटेची लांबी फूटभर. तिला एक इंची फोम पुरतो. 100 हर्ट्झची लाट साडेतीन मीटर लांब, म्हणजे एका भिंतीपासून दुसरीपर्यंत. तिला तो फोम जाणवतही नाही. त्यामुळे सगळ्या भिंतींना पातळ फोम मारलेल्या खोलीत वरचे सूर गळून जातात, खालचे मात्र तसेच घुमत राहतात. गायकाचा आवाज घोंगडीत गुंडाळल्यासारखा ऐकू येतो, आणि दोष माइकला दिला जातो.

त्यात प्रत्येक खोलीचे स्वतःचे काही लाडके सूर असतात. दोन समोरासमोरच्या भिंतींतलं अंतर मीटरमध्ये घ्या, दुप्पट करा, त्याने 344 ला भागा. आठ फुटांना, म्हणजे 2.44 मीटरला, उत्तर येतं सुमारे 70 हर्ट्झ, आणि त्याची दुप्पट 141. आता काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा षड्ज पाहा: 138.6 हर्ट्झ. त्याचा खर्ज 69. म्हणजे आठ फूट रुंद खोली त्याच्या नेमक्या सा-वर फुगते. खर्जाचा रियाज भिंतीला टेकून केला तर सूर भरून वाहतो, खोलीच्या मधोमध बसून केला तर तोच खर्ज पोकळ लागतो. गळा तोच असतो. कितीतरी विद्यार्थी यातून आपल्या आवाजाबद्दल चुकीचे ग्रह करून घेतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

लांबी, रुंदी, उंची सारखी असलेली चौकोनी डब्यासारखी खोली म्हणून टाळावी. तिथे तिन्ही दिशांचे लाडके सूर एकावर एक पडतात. पर्याय नसेल तर जाड शोषक कोपऱ्यांत उभे करा, जमिनीपासून छतापर्यंत. खर्जाची सगळी गर्दी कोपऱ्यांतच होते. आणि हा दोष इक्वलायझरने निघत नाही. जिथे समोरून येणारी आणि परतणारी लाट एकमेकींना खोडतात, तिथे सूर वाढवला की दोन्ही लाटा वाढतात आणि पुन्हा एकमेकींना खोडतात.

फोम वापरायचाच असेल तर एक गोष्ट विसरू नका. 2003 साली अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमधल्या एका नाइटक्लबात आतषबाजीची ठिणगी भिंतीवरच्या फोमला लागली आणि 100 माणसं गेली. 2013 मध्ये ब्राझीलच्या सांता मारिया शहरात तशाच आगीत 242. साधा पॉलियुरेथेन फोम पेटतो, आणि जळताना विषारी धूर सोडतो. अंड्यांचे कोरडे ट्रे तर सरपणच. घट्ट बंद, एकच दार असलेल्या खोलीत, एक्स्टेन्शन बोर्डांच्या जाळ्याशेजारी, हे लावू नये. रॉकवुल दगडापासून बनतं, ते पेटत नाही.

"खोली जितकी बहिरी, तितकं गाणं चांगलं"

आपल्या संगीताच्या बाबतीत हे विशेष चुकीचं आहे. तंबोऱ्यातून निघणारा गंधार हा वाद्याने आणि खोलीने मिळून दिलेला असतो. पूर्ण बहिऱ्या खोलीत गाणाऱ्याला स्वतःचा आवाज परत मिळत नाही. तो नकळत जोर लावतो आणि अर्ध्या तासात गळा थकतो. म्हणून रियाजाच्या खोलीत एक भिंत जिवंत राहू द्या. वेड्यावाकड्या पुस्तकांनी भरलेलं कपाट तिथे असेल तर फारच छान, कारण त्यावरून आवाज एका दिशेने न परतता विखुरतो. खोलीत मधोमध उभं राहून टाळी वाजवा. टर्रर्र असा धातूचा आवाज आला, तर दोन उघड्या भिंती समोरासमोर आहेत. त्यांतल्या एकीवर गादी टांगा आणि पुन्हा वाजवा.

"महाग कंडेन्सर माइक घेतला की काम होतं"

संवेदनशील माइक गायकाइतकंच खोलीही टिपतो, पंखाही टिपतो, खालची रिक्षाही. खोली कच्ची असेल तर डायनॅमिक माइक जवळ धरून जास्त स्वच्छ आवाज मिळतो. मायकल जॅक्सनच्या 'थ्रिलर'मधलं गायन शूर एसएम 7 या डायनॅमिक माइकवरच झालं. सॅम्पलिंगच्या आकड्यांच्या मागेही लागू नका. 48 किलोहर्ट्झ आणि 24 बिट ठेवा. 24 बिटला शांततेपासून कल्लोळापर्यंत 144 डेसिबलचा पल्ला असतो आणि घरातली कुठलीच खोली तेवढी शांत नसते.

राहता राहिला घरात खरं रेकॉर्डिंग होतच नाही हा समज. 1902 साली ध्वनिमुद्रक फ्रेड गेसबर्गने गायिका गौहर जानचा आवाज तबकडीवर उतरवला तो कलकत्त्यातल्या हॉटेलच्या खोलीत. बिली आयलिशचा 2019 चा अल्बम लॉस एंजेलिसमधल्या तिच्या भावाच्या झोपायच्या खोलीत तयार झाला आणि ग्रॅमीच्या सर्वोत्तम अल्बमचा मान त्याला मिळाला. झोपायच्या खोलीत गादी, पडदे, कपड्यांचं कपाट हे सगळं आधीपासूनच असतं.

तेव्हा काहीही विकत आणण्याआधी एक दुपार काढा. पंखा बंद करा, तंबोरा लावा, मोबाइल समोर हातभर अंतरावर ठेवा आणि तोच आलाप चार जागी म्हणा: खोलीच्या मधोमध, कोपऱ्यात, कपाटाकडे पाठ करून, आणि पलंगावरची गादी मागे उभी करून. मग हेडफोन लावून चारही ऐका. जिथे तुमचा षड्ज तुमच्यासारखा वाटेल, तिथे खडूने खूण करा. सुताराला बोलवाल तेव्हा त्याला आधी ती खूण दाखवा.