कार्लू कार्लूची शिळा

ऑस्ट्रेलियाच्या नकाशावर उत्तरेच्या डार्विन बंदरापासून दक्षिणेच्या पोर्ट ऑगस्टापर्यंत एक उभी रेघ दिसते. हाच स्टुअर्ट महामार्ग. लांबी २,७०० किलोमीटरहून अधिक. दोन्ही बाजूंना तांबडी माती, खुरटी झुडपे आणि रखरखीत माळ. कूबर पेडी या गावात ओपलच्या खाणी आहेत. उन्हाच्या तडाख्यापासून वाचण्यासाठी तिथली बरीच माणसे जमिनीखाली कोरलेल्या घरांत राहतात. या रस्त्यावर तीन-चार डबे जोडलेले, पन्नास मीटरहून लांब ट्रक धावतात. त्यांना 'रोड ट्रेन' म्हणतात.

जॉन मॅकडुअल स्टुअर्ट हा गोरा प्रवासी दक्षिणेकडून निघून १८६२ साली उत्तर किनाऱ्याला पोचला. त्याच्या वाटेच्या आसपासच १८७२ साली तारायंत्राची लाइन पूर्ण झाली. दुसऱ्या महायुद्धात सैन्यासाठी उत्तरेकडचा रस्ता पक्का झाला. दक्षिणेचा भाग पूर्ण डांबरी व्हायला १९८७ साल उजाडले. रस्त्याला नाव स्टुअर्टचे मिळाले. पण कुठे पाणी टिकते, कुठले कंद खावेत, हे जाणणारे मूळ रहिवासी हजारो वर्षे या भूमीवर नांदत होते.

वाचकहो, त्यांचीच एक हकिगत आम्हाला सांगायची आहे.

टेनंट क्रीक गावापासून दक्षिणेला सुमारे शंभर किलोमीटरवर, रस्त्यालगत, ग्रॅनाइटच्या प्रचंड गोल शिळा एकमेकींवर तोललेल्या दिसतात. वारुमुंगू, कायडिच आदी लोक त्यांना 'कार्लू कार्लू', म्हणजे गोल दगड म्हणतात. ही जागा त्यांना पवित्र. परक्यांनी मात्र तिला 'सैतानाच्या गोट्या' असे नाव दिले.

जॉन फ्लिन या धर्मोपदेशकाने दूरच्या वस्त्यांवर विमानाने डॉक्टर पाठवण्याची सेवा १९२८ साली सुरू केली. त्यांचे काम मोठे, याबद्दल दुमत नाही. १९५१ साली ते वारले. अॅलिस स्प्रिंग्जजवळच्या त्यांच्या समाधीवर ठेवण्यासाठी कार्लू कार्लूची एक शिळा सुमारे चारशे किलोमीटर दूर नेण्यात आली. ज्यांची ती शिळा, त्यांची रीतसर परवानगी कोणी घेतली नाही.

पण त्या लोकांनी आपली मागणी सोडली नाही. वाद वर्षानुवर्षे चालला. अखेर १९९९ साली शिळा मूळ जागी परत आली. फ्लिन यांची समाधीही उघडी राहिली नाही. अॅलिस स्प्रिंग्जच्या अरंडा लोकांनी तिच्यासाठी दुसरी शिळा दिली. पुढे २००८ साली कार्लू कार्लूची मालकीच मूळ रहिवाशांकडे परत आली.

थोर माणसाचा गौरव करतानाही दुसऱ्याचा मान तुडवू नये, हे या हकिगतीतून आम्ही घेतो. न विचारता उचललेल्या शिळेने जे दुखावले, ते राजीखुशीने दिलेल्या शिळेने सांधले. मुलांना ऑस्ट्रेलियाचा नकाशा दाखवाल, तेव्हा त्या उभ्या रेघेवर बोट ठेवून एवढे जरूर सांगा.