व्यसनाच्या भरपाईचा पैसा जातो कुठे?

अमेरिकेत औषध कंपन्यांनी अफूजन्य वेदनाशामक गोळ्या घरोघर पोहोचवल्या. परड्यू फार्माची ऑक्सिकॉन्टिन ही गोळी 1996 साली बाजारात आली. पुढच्या अडीच दशकांत अफूजन्य पदार्थांच्या अतिसेवनाने तिथे लाखो माणसे दगावली. राज्ये, कौंट्या, शहरे कोर्टात गेली आणि कंपन्यांना एकूण 50 अब्ज डॉलरहून अधिक रकमेच्या तडजोडी कराव्या लागल्या. त्यातल्या 26 अब्जांच्या मोठ्या तडजोडीत अट होती की, किमान 85 टक्के पैसा व्यसनाच्या निवारणावरच खर्च व्हावा. तरीही कुठे पोलिसांच्या गाड्या आल्या, कुठे जुने कर्ज फिटले. गोम अशी की, त्या करारात हिशेब जाहीर करण्याची सक्ती उरलेल्या 15 टक्क्यांपुरतीच आहे! हे कलम वाचून मी वकील असूनही चक्रावलो. 1998 साली तंबाखू कंपन्यांशी 46 राज्यांनी केलेल्या तडजोडीचेही असेच झाले होते. पैसा आला आणि रस्त्यांत, तुटीत जिरला.

हट्ट्याच्या माणसाने हे का वाचावे? कारण असा निधी आपल्या देशातही कायद्याने आहे. एनडीपीएस कायदा 1985 चा. त्याच्या कलम 7-क नुसार अंमली पदार्थांच्या नियंत्रणासाठी राष्ट्रीय निधी आहे. तस्करांची जप्त मालमत्ता विकून येणारा पैसा त्यात जमा व्हायचा आणि तो व्यसनींच्या उपचार-पुनर्वसनावरही खर्च करता येतो. 2018 पासून ट्रामाडॉल ही वेदनाशामक गोळीही या कायद्याखाली आली. पण त्या निधीत ग्रामपंचायतीचा वाटा कोठेही लिहिलेला नाही.

आपल्याकडे खरा प्रश्न दारूचा. उत्पादन शुल्क राज्याच्या तिजोरीत जाते आणि पिणारा माणूस गावात, त्यातही वस्तीत, पडून राहतो. दुकान बंद करायचे तर 2008 च्या आदेशाने बायांना मतदानाचा हक्क दिला, तोही एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडली तरच! ऊसतोडीला गेलेली बाई मतदानाला येणार कशी? ती आली नाही की तिची गैरहजेरी दुकानदाराच्या पदरात पडते. राज्यघटनेचे कलम 47 मादक पेये आणि अंमली द्रव्ये दोन्हींवर बंदीची दिशा सांगते. तिजोरीची दिशा मात्र उलटी आहे.

समजा, उद्या या शुल्कातला काही वाटा ग्रामपंचायतींना व्यसनमुक्तीसाठी मिळाला, तर तो कुठे जाईल? उत्तर शोधायला अमेरिका नको. स्वउत्पन्नाच्या 15 टक्के रक्कम मागासवर्गीयांवर आणि 10 टक्के महिला-बालकल्याणावर खर्च करण्याचा नियम जुनाच आहे. माहिती अधिकारात माझ्या हाती आलेल्या एका गावच्या नमुन्यांत 15 टक्क्यांच्या रकान्यात गावच्या मुख्य चौकातले दिवे होते. दिवे वस्तीलाही दिसतात, असे ग्रामसेवकाचे उत्तर होते.

म्हणून पैसा मागण्याआधी खाते मागावे लागेल. व्यसनमुक्तीचा वाटा वेगळ्या खात्यात, खर्चाचा ठराव महिला ग्रामसभेत आणि हिशेब फलकावर. शासनाने 2011 साली व्यसनमुक्ती धोरण जाहीर केले, त्याला अशी जोड देता येईल. कलम 7-क च्या निधीतून हिंगोली जिल्ह्यात आजवर किती रुपये आले, हे विचारणारा अर्ज मी या आठवड्यात दिल्लीला पाठवतो आहे. आपल्या गावाचा अर्ज आपणही टाका.