निवड डॉक्टरांची, पैसे रुग्णाचे

एकाच वस्तूचे पन्नास उत्पादक बाजारात आले की भाव उतरतो, असा आपला नेहमीचा अनुभव. औषधांच्या बाजारात तो लागू पडत नाही. मेटफॉर्मिन किंवा अ‍ॅटोर्व्हास्टॅटिनचं पेटंट केव्हाच संपलं आहे, भारतात त्या गोळ्या बनवणाऱ्या कंपन्याही ढिगाने आहेत, तरी महागडे ब्रँड जोमाने खपतात. याचं कारण असं की औषध निवडतो डॉक्टर आणि पैसे मोजतो रुग्ण. चिठ्ठीवर एका ब्रँडचं नाव असेल, तर तेच रसायन असलेली दुसऱ्या कंपनीची स्वस्त गोळी परस्पर देण्याची मुभा केमिस्टला कायद्याने नाही. त्यामुळे कंपन्यांची सगळी चढाओढ चालते ती डॉक्टरांच्या पेनासाठी. एमआरच्या (कंपन्यांच्या वैद्यकीय प्रतिनिधींच्या) फेऱ्या, भेटवस्तू, परिषदांचे प्रवासखर्च हे त्या चढाओढीचं भांडवल. 2022 मध्ये अ‍ॅपेक्स लॅबोरेटरीज या औषध कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशा भेटवस्तूंवरच्या खर्चाला आयकरात वजावट नाकारली, आणि हा खर्च शेवटी औषधाच्या किमतीतच मिसळतो हेही स्पष्ट केलं.

मग सरकारी किंमत नियंत्रणाचं काय? 1995च्या औषध किंमत नियंत्रण आदेशात कमाल किंमत ठरायची ती उत्पादनखर्चावरून. 2013च्या आदेशाने ती पद्धत मोडीत काढली. आता बाजारात किमान एक टक्का वाटा असलेल्या ब्रँडांच्या किमतींची सरासरी काढायची आणि तीत किरकोळ विक्रेत्याचे सोळा टक्के मिळवायचे, की झाली कमाल किंमत. गोळी बनवायला किती खर्च येतो, हा प्रश्नच त्यात उरत नाही. जाहिरातबळावर फुगलेले भावच नियंत्रणाचा पाया ठरतात! शिवाय हे सगळं मुख्यतः अत्यावश्यक यादीतल्या औषधांपुरतं. यादीबाहेरच्या औषधांची छापील किंमत कंपनी दर वर्षी दहा टक्क्यांपर्यंत वाढवू शकते.

किमती आवळल्या तर संशोधन थांबेल, असं कंपन्या सांगतात. नव्या, पेटंट असलेल्या औषधांबाबत त्यात तथ्य आहे; पण पेटंट संपलेल्या गोळीवर कोणता संशोधनखर्च वसूल व्हायचा राहिला आहे? पेटंटच्या औषधांतही किंमत आणि खर्च यांचं नातं सैलच असतं. 2012 मध्ये मुंबईच्या पेटंट कार्यालयाने बायरच्या ‘नेक्साव्हार’ या कर्करोगावरच्या औषधाचा सक्तीचा परवाना, म्हणजे पेटंटधारकाच्या संमतीविना ते बनवण्याची परवानगी, नॅटको कंपनीला दिला, तेव्हा महिन्याचा खर्च सुमारे 2 लाख 80 हजारांवरून 8,800 रुपयांवर आला. नॅटकोला शोधाचा खर्च नव्हता हे खरं, पण म्हणून मूळ आकडा शोधाच्या खर्चातूनच आला होता असं सिद्ध होत नाही.

महागड्या ब्रँडऐवजी जेनेरिक लिहिण्यावरचा डॉक्टरांचा आक्षेप अधिक गंभीर आहे: स्वस्त जेनेरिकच्या दर्जाची हमी कोण देणार? निकृष्ट औषधं आपल्याकडे सापडतात, ही भीती काल्पनिक नाही. मात्र ब्रँडचं नाव म्हणजे प्रयोगशाळेचा दाखला नव्हे. बहुतेक ‘ब्रँडेड’ गोळ्याही मुळात जेनेरिकच असतात. दर्जाचा प्रश्न औषध निरीक्षक, तपासणी आणि जैवसमतुल्यतेच्या चाचण्या यांनी सोडवायचा असतो. 2023 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने जेनेरिक नावानेच औषध लिहिण्याची सक्ती केली आणि डॉक्टरांच्या विरोधानंतर त्याच महिन्यात ती स्थगित केली. तपासणीची यंत्रणा उभी न करता काढलेला तो हुकूम टिकणं कठीणच होतं. भेटवस्तूंबाबतही यंत्रणेचाच प्रश्न आहे: 2024ची औषध विपणन संहिता त्यांना मनाई करते, पण तिची अंमलबजावणी सोपवली आहे औषध कंपन्यांच्याच संघटनांच्या समित्यांवर.