बंद गाडीतील बुरशी

नामपल्लीच्या पब्लिक गार्डनमधील राज्य संग्रहालयात दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची एक इजिप्शियन ममी आहे. हवेच्या परिणामाने तिची हानी होऊ लागल्यामुळे २०१६ साली तिला प्राणवायूविरहित, हवाबंद पेटीत ठेवण्यात आले. वस्तूचा हवेशी संबंध सर्वस्वी तोडून तिचे रक्षण करण्याचा हा मार्ग संग्रहालयाला साधतो. परंतु ज्यांच्या दारी सहलीची गाडी उभी असते, त्यांनी केवळ दारे-खिडक्या घट्ट लावून ती सुरक्षित झाली असे मानले, तर परिणाम नेमका उलट होतो.

एखादे कुटुंब साठवलेल्या पैशांतून व्हॅन घेते. तिच्यात गाद्या, लाकडी कपाटे, लहानशी शेगडी बसवून घेते. मे महिन्यात तुळजापूर-पंढरपूर होते आणि मृगाच्या सरी येताच गाडी ताडपत्रीखाली जाते. दसऱ्याला दार उघडावे तो कोंदट वास, गादीखाली काळे ठिपके आणि पडद्यांवर पांढरा बुरा! घरात कोणाला दम्याचा विकार असेल, तर त्या गाडीत एक रात्र काढणेही त्याला जड जाते. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरव्हान पर्यटनाचे धोरण आखले आहे. अशी फिरती घरे वाढतील तसा हा प्रश्नही वाढेल.

बुरशीचे सूक्ष्म बीजाणू हवेत सर्वत्र असतात. त्यांना वाढण्यास अन्न, ऊब आणि ओल एवढे पुरते. लाकूड, कापूस, सरस, फार काय साधी धूळ हेही त्यांचे अन्न होय. आणि ऊब तर आपल्या हवेतच आहे. म्हणून माणसाच्या हाती राहते ती एक ओलच. भिजलेली वस्तू एक-दोन दिवसांत वाळली नाही, तर तिच्यावर बुरशी धरू लागते.

ही ओल तीन वाटांनी येते. पहिली वाट छपराच्या सांध्यांची व खिडक्यांच्या जीर्ण रबराची. दुसरी वाट माणसांची. चार माणसे रात्रभर झोपली, तर त्यांच्या श्वासातून व घामातून लिटरभर पाणी हवेत जाते. शेगडीत एक किलो गॅस जळला, की दीड किलोहून अधिक पाण्याची वाफ होते. तिसरी वाट हवेचीच. तीस अंश उष्णतेच्या एक घनमीटर हवेत सुमारे ३० ग्रॅम बाष्प मावते, वीस अंशांच्या हवेत अवघे १७ ग्रॅम. रात्री पत्रा गार झाला, की न मावलेले बाष्प दवासारखे आतील बाजूस जमते आणि गादीत मुरते.

उपायही याच क्रमाने योजावेत. पावसाळ्यापूर्वी छपरावर पाणी ओतून गळती शोधावी व सांधे बुजवावेत. स्वयंपाक करताना व झोपताना एक झरोका खाली, एक वर असे उघडे ठेवावेत, म्हणजे हवा खेळती राहते. गाडी उभी करताना पाण्याची टाकी रिकामी करावी, शीतकपाट पुसून त्याचे दार किलकिले ठेवावे, पडदे व अंथरुणे घरात न्यावीत आणि गाद्या उभ्या कराव्यात. प्लास्टिकची ताडपत्री गाडीला चिकटवून बांधू नये. आतील ओल तिच्याखालीच कोंडते. झडीच्या दिवसांत झरोके लावून घ्यावेत, मात्र उघडीप पडताच दारे सताड उघडून ऊन-वारा घ्यावा. हैदराबादेत वर्षाचा सुमारे ८०० मिलिमीटर पाऊस बहुतांशी जून ते सप्टेंबर या काळात पडतो, पण अशा उघडिपी अधूनमधून मिळतातच. कॅल्शियम क्लोराइडचे डबे ओल शोषतात. त्यांत साठलेले पाणी वेळोवेळी टाकावे, ते पत्र्यावर सांडू देऊ नये. आर्द्रतामापक मिळाल्यास काटा साठ टक्क्यांच्या खाली राहील असे पाहावे.

डांबराच्या गोळ्यांनी किडे पळतात, बुरशी जात नाही. उदबत्तीने केवळ वास झाकला जातो. बुरा आलाच, तर नाकातोंडावर मास्क व हातांत मोजे घालून दारे उघडी ठेवावीत, साबणाच्या पाण्याने पृष्ठभाग घासावा आणि तो पूर्ण वाळवावा. ब्लीचिंगचे द्रावण कोणत्याही आम्लात किंवा अमोनियात कधीही मिसळू नये. त्यातून विषारी वायू निघतो. आतपर्यंत बुरशी गेलेली गादी वाचवण्याचा मोह टाळून ती टाकून द्यावी. आणि ज्या वाटेने ओल आली ती शोधून बंद करावी. नाहीतर धुतलेल्या जागी बुरशी पुन्हा येते.

पावसाळाभर आठवड्यातून एकदा दार उघडून आत वास घ्यावा, गादीखाली हात फिरवून पाहावा. एवढ्या पाच मिनिटांच्या कामाने दसऱ्याच्या प्रवासास गाडी तयार राहते आणि तीत बसणाऱ्या मुलांनाही सुखाने श्वास घेता येतो.