मेमरीचा वेग आणि तिची पारख

गेल्या मे महिन्यात आमच्या कॉलेजातील एका वर्गाच्या निकालाचे काम माझ्याकडे होते. गुण आधी वहीत हाताने लिहायचे आणि मग संगणकात भरायचे, ही माझी जुनी सवय. तरुण सहकारी तिला हसतात. छापून आलेल्या तक्त्यावर मी सही करणार, एवढ्यात एका मुलीच्या नावापुढे ३२ हा आकडा दिसला. मुलगी हुशार. वही काढून पाहिली तर तिथे ७२! भरताना माझाच हात चुकला म्हणावे, तर आठवड्यापूर्वी काढलेल्या प्रतीतही ७२ च होते. मधल्या दिवसांत त्या आकड्याला कोणी हात लावला नव्हता. संगणकाला मात्र लावला होता. "सर, फुकटात वेग वाढतो," असे सांगून एका हौशी विद्यार्थ्याने त्याच्या मेमरीचा वेग वाढवून दिला होता. आणि परवानगी देणारा मीच.

श्रोतेहो, हा वेग वाढवण्याचा प्रकार, ज्याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात, तो आहे तरी काय? बाजारात आपण जिला रॅम म्हणतो ती मेमरी म्हणजे विजेचा भार साठवणाऱ्या अतिसूक्ष्म घरांच्या रांगाच रांगा. घरात भार असला तर १, नसला तर ०. अमेरिकेतील आयबीएम कंपनीचे रॉबर्ट डेनार्ड यांना या रचनेचे पेटंट १९६८ साली मिळाले, आणि आजच्या रॅमचे मूळ तेच. १६ जीबीच्या रॅममध्ये अशी घरे १३,७०० कोटींहून अधिक असतात. प्रत्येक घर म्हणजे पाझरणारा माठ समजा. भार आपोआप गळत जातो, म्हणून डीडीआर४ जातीच्या रॅममध्ये दर ६४ मिलिसेकंदांच्या आत प्रत्येक घर वाचून पुन्हा भरावे लागते. उष्णता वाढली की माठ अधिक पाझरतो. चिपचे तापमान ८५ अंश सेल्सियसच्या वर गेले, तर भरण्याच्या फेऱ्या दुप्पट कराव्या लागतात.

हा सगळा व्यवहार घड्याळाच्या ठोक्यावर चालतो. पट्टीवर ३२०० छापलेले असते, पण ठोके असतात सेकंदाला १६० कोटी. एका ठोक्यात दोनदा देवघेव, म्हणून दुप्पट आकडा. मागणी केल्यापासून १६ ठोक्यांनी माहिती हाती यावी असे ठरले असेल, तर त्याला १० नॅनोसेकंद मिळतात. आता वेग ३६०० केला आणि ठोके १६ च ठेवले, तर तेच काम ८.९ नॅनोसेकंदांत उरकावे लागते. शिक्षक मंडळींना श्रुतलेखनाचा अनुभव आहेच. गुरुजी भरभर सांगू लागले की बहुतेक मुले कशीबशी गाठतात, पण मागच्या बाकावरच्या एखाद्याचा शब्द सुटतो. वही मात्र सर्वांचीच भरलेली दिसते. कोट्यवधी घरांत असे मागच्या बाकावरचे काही असायचेच. छापील वेग ठरवताना त्यांच्यासाठी सवड राखलेली असते. वेग वाढवणारा ती सवड खर्ची घालतो. मग सावरण्यासाठी व्होल्टेज वाढवतात, डीडीआर४ चे प्रमाण १.२ व्होल्टचे, ते १.३५ पर्यंत नेतात. त्याने फरक पडतो खरा, पण उष्णताही वाढते.

आता ७२ चे ३२ कसे व्हावे? माझी यादी साध्या मजकुराच्या फाईलमध्ये होती. तिथे ७ हा अंक ००११०१११ असा लिहिला जातो आणि ३ हा ००११००११ असा. नीट पाहा, फरक उजवीकडून तिसऱ्या स्थानाचा, एका बिटाचा. एक घर चुकले आणि मुलगी नापास! संगणक बंद पडला असता तर बरे झाले असते, निदान कळले तरी असते. सुरू होतो, चालतो, छापतो, म्हणजे तो बरोबर चालतो असे आपण धरून बसतो.

दोष मेमरीचाच, हे कोर्टात सिद्ध करता यायचे नाही. पण संशय आल्यावर मी चाचणी लावली. क्रिस ब्रॅडी यांनी १९९४ साली मेमटेस्ट८६ नावाचा कार्यक्रम लिहिला. तो पेन ड्राइव्हवर घालून संगणक त्यावरूनच सुरू करायचा. विंडोज मुळीच चालू करायचे नाही, कारण तेच मेमरीत जागा अडवून बसते. कार्यक्रम प्रत्येक घरात कधी सगळे ०, कधी सगळे १, कधी एकाआड एक असे लिहितो आणि परत वाचून ताडतो. शेजारच्या घरात काय आहे यावरही घराची वागणूक बदलते, म्हणून इतक्या तऱ्हा. एका फेरीला तास-तास लागतात, तेव्हा इन्व्हर्टर नसेल तर वीज जाण्याच्या वेळा आधी पाहून ठेवा. रात्रभर चाचणी चालली, एकही चूक नाही. विद्यार्थी खूश. मी म्हटले, आता भर दुपारी, पंखा बंद करून लावू. तिसऱ्या फेरीत चुकीची ओळ उमटली. एकच, पण या परीक्षेत पस्तीस टक्क्यांना पास नाही, एक चूक म्हणजे नापास.

ही चाचणी उत्तीर्ण झाली तरी प्राइम९५ हा कार्यक्रम काही तास चालवावा. त्यात प्रोसेसर आणि मेमरी दोन्ही तापतात. मोठ्या अविभाज्य संख्या शोधण्यासाठी जॉर्ज वोल्टमन यांनी १९९६ साली सुरू केलेल्या उपक्रमातला हा कार्यक्रम. त्या उपक्रमातही एका संगणकाचे उत्तर दुसऱ्यावर ताडून पाहण्याची पद्धत ठेवली गेली. बँकांसारख्या ठिकाणच्या मोठ्या संगणकांत तर जादा बिट ठेवून चूक आपोआप दुरुस्त करणारी मेमरी असते. तिच्यामागचे गणित रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० साली प्रसिद्ध केले. घरच्या आणि शाळेच्या संगणकांत ती सहसा नसते.

खेळ किंवा चित्रफितींच्या कामात वाढीव वेगाचा थोडा उपयोग होतो. पत्रे आणि गुणपत्रके करणाऱ्याला तो जाणवतही नाही. तरी प्रयोग करायचा असेल, तर आधी फाईलींची प्रत दुसरीकडे ठेवा आणि वेग थोडाथोडा वाढवा. संगणक सुरूच झाला नाही, तर वीज काढून मदरबोर्डवरची गोल बॅटरी काही मिनिटे बाहेर काढा. बहुधा जुना वेग परत येतो.

आम्ही वेग छापील आकड्यावर आणला आणि दोन दुपारी चाचणी लावली. चूक आली नाही. मग त्या विद्यार्थ्याला शेजारी बसवून सगळी यादी वहीशी ताडली. तो वाचायचा, मी खुणा करायचो. शेवटच्या पानावर आणखी एक आकडा सापडला. ४५ चे ४१ झाले होते. ५ आणि १ यांतला फरकही पुन्हा तोच, उजवीकडून तिसऱ्या बिटाचा. मुलगा दोन्ही आकड्यांनी पासच होता, त्यामुळे माझे तिकडे लक्ष गेले नव्हते.