माहिती चौकट: ओढ्याकाठची जमीन कशी राखावी?

पुण्याजवळच्या कात्रजच्या डोंगरात उगम पावणारा आणि नानासाहेब पेशव्यांच्या काळात मूळ मार्गावरून वळवण्यात आलेला आंबिल ओढा स्वारगेटच्या पश्चिमेकडून, दांडेकर पुलाखालून जाऊन मुठा नदीला मिळतो. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री त्याला आलेल्या पुरात अरण्येश्वर परिसरातील टांगेवाले कॉलनीत भिंत कोसळून माणसे दगावली, तेव्हा काठच्या मोकळ्या जमिनीचे मोल शहराला फार उशिरा उमगले.

अशी जमीन राखण्यासाठी महापालिकेच्या हाती मुख्यतः संपादन आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 126 नुसार सार्वजनिक कामासाठी आरक्षित जागा मालकाशी करार करून, मोबदल्यादाखल हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे अन्यत्र वापरता वा विकता येणारे बांधकामाचे हक्क देऊन, किंवा सक्तीने घेता येते. मात्र विहित मुदतीत संपादन न झाल्यास कलम 127 खाली मालक नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतरही पावले न उचलल्यास आरक्षण रद्द होते, ही या व्यवस्थेतील सर्वांत दुखरी जागा होय.

अमेरिकेत दुसरा मार्ग रुळला आहे: मालकी मालकाकडेच राहते, पण बांधकामाचा हक्क तो संवर्धन संस्थेच्या नावे कायमचा सोडतो आणि हे बंधन पुढील खरेदीदारालाही लागू राहते. असे बंधन तिथे सुविधाधिकाराचाच एक प्रकार मानले जाते. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, 1882 मध्ये मात्र सुविधाधिकार, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवरील मर्यादित हक्क, स्वतःच्या जमिनीच्या उपभोगासाठीच मिळतो. त्यामुळे ओढ्याकाठी जमीन नसलेल्या संस्थेला तो धारण करता येत नाही, आणि ही उणीव कायद्यानेच भरून काढायला हवी.